घरावरची सौर वीज आणि हरित हायड्रोजन : काय परवडतं, काय नाही



या पत्रिकेत आमच्या ऊस विकास विभागाकडून बेणं, लागणीचं अंतर, खोडव्याची जोपासना आणि खताचे हप्ते यांवर आपण वाचत आला आहात. या अंकातला विषय थोडा वेगळा वाटेल, पण तो आपल्या घरातलाच आहे. आपल्या कार्यक्षेत्रातल्या पुष्कळ घरांतली मुलंबाळं माळशेज घाट उतरून कल्याणच्या बाजूला नोकरीधंद्याला गेली. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन गावांत आज आपल्या सभासदांचे मुलगे, मुली, जावई, पुतणे राहतात. कुणी उसाच्या बिलातून पैसे काढून तिथं ब्लॉक घेऊन दिला आहे, कुणी अजून हप्ते भरतो आहे.

गट ऑफिसात त्यामुळे हल्ली दोन प्रश्न वारंवार येतात. पहिला असा, की पोराच्या इमारतीवर सोलर बसवायचं म्हणतात, तर पैसे द्यावेत का? दुसरा प्रश्न जरा गमतीचा, पण महत्त्वाचा. "साहेब, आता पाण्यापासून हायड्रोजन काढणार म्हणे. मग आत्ता सोलरला पैसे कशाला घालायचे? दोन वर्षं थांबलं तर पाण्यावरच घर चालेल की!" ३० मार्च २०२२ रोजी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी हायड्रोजनवर चालणाऱ्या मोटारीतून संसदेत गेले, ते चित्र सर्वांनी पाहिलं. तेव्हापासून ही आशा वाढली आहे.

आशा असावी, पण पैसा घालण्यापूर्वी हिशेब असावा. काट्यावर वजन झाल्याशिवाय आपण उसाची गाडी खाली करत नाही, तसंच इथंही. या लेखात आम्ही दोन्ही गोष्टींचं वजन करून दाखवणार आहोत.

सौर विजेचा साधा हिशेब

सोलर पॅनेलची ताकद किलोवॅटमध्ये मोजतात. आपल्याकडे १ किलोवॅट पॅनेलपासून चांगल्या उन्हात दिवसाला सुमारे ४ युनिट वीज मिळते. कोकणपट्टीतला पावसाळा धरला तर वर्षाची बेरीज साधारण १३०० ते १४०० युनिट होते. जुलै-ऑगस्टात ढगांमुळे उत्पादन एप्रिलच्या मानानं निम्म्याच्या आसपास येतं, हे आधीच लक्षात घ्यावं. एका किलोवॅटला गच्चीवर सुमारे १०० चौरस फूट सावलीविरहित जागा लागते.

ज्याचं स्वतःचं घर आणि स्वतःचं छप्पर आहे त्याला केंद्र सरकारची 'पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना' लागू होते. ही योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली आणि तिची मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे. पहिल्या २ किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटला १८ हजार, म्हणजे जास्तीत जास्त ७८ हजार रुपये अनुदान मिळतं. ते काम पूर्ण झाल्यावर थेट बँक खात्यात येतं. मार्च २०२५ मध्येच देशातल्या १० लाख घरांचा टप्पा या योजनेनं ओलांडला.

आता परतफेड पाहू. ३ किलोवॅटचा संच साधारण दीड ते दोन लाखांत बसतो. अनुदान वजा जाता खिशातून ७० हजार ते सव्वा लाख जातात. वर्षाला ४ हजार युनिट मिळाले आणि युनिटमागे ८ रुपये वाचले असं धरलं, तर वर्षाची बचत ३२ हजार होते. म्हणजे अडीच ते चार वर्षांत मुद्दल वसूल. पॅनेल पुढं वीस-पंचवीस वर्षं चालतं, फक्त इन्व्हर्टर मधे एकदा बदलावा लागतो.

पण हा हिशेब सर्वांना सारखा नाही. महावितरणचं बिल स्लॅबचं असतं. पहिल्या १०० युनिटांचा दर कमी, त्यापुढचा चढा. ज्या घरात महिन्याला ३०० युनिट जळतात त्याची महाग युनिटं आधी वाचतात. ज्या घरात दोन दिवे, पंखा आणि टीव्ही मिळून ९० युनिटच होतात त्याची स्वस्त युनिटं वाचतात. अशा घरानं १ किलोवॅट बसवलं, अनुदान जाऊन ३५ हजार घातले आणि युनिटमागे ५ रुपये वाचले असं धरलं, तर पैसे सुटायला साडेसहा-सात वर्षं लागतात. तोट्याचं नाही, पण घाईचंही नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत, आणि इथं अंथरूण म्हणजे वर्षभराची जुनी बिलं.

आणखी एक गोष्ट विक्रेता सहसा सांगत नाही. महावितरणच्या लाइनीला जोडलेला, बॅटरी नसलेला संच वीज गेली की बंद पडतो. लख्ख ऊन असलं तरी बंद. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या छपरावरच्या विजेचा धक्का बसू नये म्हणून ही व्यवस्था मुद्दाम केलेली असते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई-ठाण्याची वीज गेली तेव्हा अशा संचांच्या मालकांच्या घरीही अंधारच होता. वीज जाण्याचा त्रास हेच दुखणं असेल, तर बॅटरीचा वेगळा खर्च धरूनच हिशेब करावा.

तीन गावं, तीन तऱ्हेची छपरं

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही गावं एका लोकल लाइनीवर शेजारी शेजारी आहेत. वीजही तिन्हीकडे महावितरणचीच. तरी सोलरच्या दृष्टीनं तिघांची प्रकृती वेगळी आहे. जमिनीचा पोत पाहून आपण उसाची जात निवडतो, तसं छप्पर पाहून संच निवडावा लागतो.

उल्हासनगर हे फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या कल्याण कॅम्पातून १९४९ मध्ये उभं राहिलेलं शहर. वस्ती दाट, इमारती एकमेकींना चिकटून, आणि त्यांतल्या पुष्कळ जुन्या. मे २०२१ मध्ये तिथं एकाच महिन्यात दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसं दगावली. अशा ठिकाणी पहिला प्रश्न विजेचा नाही, भाराचा आहे. पॅनेलचं वजन चौरस मीटरला साधारण १२ ते १५ किलो असतं. त्यावर लोखंडी सांगाडा, आणि तो उडू नये म्हणून ठेवलेले काँक्रीटचे ठोकळे. शिवाय वाऱ्याचा जोर. जून २०२०चं निसर्ग आणि मे २०२१चं तौक्ते ही दोन्ही चक्रीवादळं या किनाऱ्यानं सोसली. उंच सांगाड्यावरचं पॅनेल अशा वाऱ्यात शिडासारखं ओढ घेतं. म्हणून इमारत तीस वर्षांच्या पुढची असेल, तर बांधकाम अभियंत्याची तपासणी झाल्याशिवाय गच्चीवर एक पाटीही चढवू देऊ नये. शेजारच्या इमारतीची सावली दुपारी किती वाजता येते तेही पाहावं. एका पॅनेलवर सावली पडली तरी त्याच ओळीतल्या बाकीच्यांचं उत्पादन घटू शकतं.

अंबरनाथची ताकद निराळी. तिथं औद्योगिक वसाहत आहे, आणि कारखान्यांच्या शेडवर पत्र्याची मोठमोठी सपाट जागा मोकळी पडलेली असते. कारखाना दिवसा चालतो, पॅनेल दिवसाच वीज देतं. जिथं तयार होते तिथंच त्या क्षणी वापरली जाते, साठवायची गरज नाही. आपला कुणी पाहुणा तिथं छोटा कारखाना चालवत असेल, तर सोलरचा सर्वांत चांगला उपयोग त्याच्या शेडवर होईल. मात्र उद्योगाला घरगुती अनुदान मिळत नाही. आणि भट्ट्या व रसायनांच्या परिसरात धूळ, काजळी बसते, त्यामुळे पॅनेल वरचेवर धुण्याची व्यवस्था ठेवावी लागते.

बदलापुरात आपली सर्वांत जास्त मंडळी आहेत, आणि तिथला प्रश्न आहे गच्ची कुणाची? सात मजली इमारतीत मजल्याला चार म्हणजे २८ ब्लॉक धरा. गच्ची ३००० चौरस फूट. पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली आणि सावली वजा करता १५०० चौरस फूट उरली. त्यावर १५ किलोवॅट बसतं आणि दिवसाला ६० युनिट मिळतात. २८ घरांत वाटले तर घरटी दोनच युनिट. पण तीच ६० युनिटं पाण्याचा पंप, लिफ्ट आणि जिन्यातले दिवे यांना दिली, तर सोसायटीचं सामायिक बिल बरंचसं उतरतं आणि मासिक वर्गणी कमी होते. योजनेत अशा सामायिक जोडणीसाठी किलोवॅटला १८ हजार रुपये अनुदान आहे, म्हणजे या उदाहरणात २ लाख ७० हजार. तेव्हा ब्लॉकवाल्यानं एकट्यानं धडपड करण्यापेक्षा सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ठराव आणावा. सहकाराची रीत आपल्या माणसांना शिकवायला नको.

बदलापूरला पुराचीही धास्ती आहे. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती. नदीकाठच्या इमारतींत तळमजल्यावर पाणी चढतं. अशा ठिकाणी इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या वाहनतळात ठेवू नयेत, वरच्या मजल्यावर किंवा गच्चीच्या खोलीतच ठेवाव्यात.

आपल्यासारख्या देशांत काय घडलं

घरगुती सोलर ही श्रीमंत देशांचीच चैन आहे असा एक समज आहे. तो खरा नाही. बांगलादेशानं २००३ पासून खेड्यापाड्यांत छोटे संच हप्त्यानं देण्याची मोठी मोहीम चालवली. एक पॅनेल, एक बॅटरी आणि दोन-चार दिवे, एवढाच संच. अशी ४० लाखांहून अधिक घरं उजळली. पुढं सरकारी वीज गावात पोचली तसे पुष्कळ संच अडगळीत गेले. तरी मुलांचा अभ्यास रॉकेलच्या धुरातून सुटला, हा लाभ झालाच.

केनियात मोबाइलवरून रोज थोडे थोडे पैसे भरून संच मालकीचा करण्याची पद्धत २०१२च्या सुमारास रुजली. पाकिस्तानात विजेचे दर इतके चढले, की २०२४ या एका वर्षात तिथं सुमारे १७ हजार मेगावॅटची पॅनेलं आयात झाली. पण त्यातून दुसरा प्रश्न उभा राहिला. ऐपत असलेले लोक सोलरवर गेले आणि तारा, खांब, वीजकेंद्रं यांचा ठरलेला खर्च उरलेल्या गरीब ग्राहकांच्या बिलावर चढू लागला. आपल्या राज्यानंही हे ध्यानात घेण्यासारखं आहे. छपरावरच्या विजेचा फायदा फक्त स्वतःचा बंगला असलेल्यांना न होता, इमारतीत राहणाऱ्यांना आणि कमी बिलवाल्यांनाही झाला पाहिजे.

एकूण सांगायचं ते एवढंच, की घरावरची सौर वीज आपल्यासारख्या देशांत परवडते, हे लाखो घरांनी वापरून दाखवलं आहे. आता हायड्रोजनकडे वळू.

हायड्रोजन म्हणजे काय?

हायड्रोजन हा सर्वांत हलका वायू. पाण्यात तो ऑक्सिजनशी बांधलेला असतो. पाण्यातून वीज सोडली की दोघे सुटे होतात. ही कृती १८०० सालापासून माहीत आहे, आणि शाळेच्या प्रयोगशाळेत मुलांना दाखवतातही. या कामाला सूर्याची किंवा वाऱ्याची वीज वापरली, की त्या वायूला 'हरित' म्हणायचं. आज बाजारात असलेला बहुतेक हायड्रोजन मात्र नैसर्गिक वायू किंवा कोळशापासून काढतात, आणि त्यात धूर होतो.

इथं एक गोष्ट मनात पक्की करावी. पाणी हे इंधन नाही. पाणी म्हणजे हायड्रोजन जळून गेल्यावर उरलेली राख, असं समजा. त्या राखेतून पुन्हा इंधन काढायचं तर जळताना जेवढी उष्णता मिळाली त्याहून जास्त शक्ती आधी घालावी लागते. म्हणून 'पाण्यावर चालणारं घर' किंवा 'पाण्यावर चालणारी गाडी' असं कुणी विकायला आला, तर त्याला ओट्यावरूनच परत पाठवावं.

१ किलो हायड्रोजन काढायला ५० ते ५५ युनिट वीज लागते. त्या १ किलोत सुमारे ३३ युनिटांइतकी वापरण्याजोगी उष्णता असते. त्याची पुन्हा वीज करायची, तर इंधनघट नावाच्या यंत्रातून १६-१७ युनिट परत येतात. तोडलेला ऊस फडात पडून राहिला, की वजनही घटतं आणि उताराही घटतो. विजेचा गॅस आणि गॅसची पुन्हा वीज करताना तसंच होतं. प्रत्येक हाताळणीत काही गळतं.

घरात हायड्रोजन का परवडत नाही?

बदलापूरच्या बाजूला स्वतःचं बैठं घर असलेल्या माणसाचं उदाहरण घेऊ. छपरावर ३ किलोवॅट, दिवसाला १२ युनिट. त्यातली ४ दिवसाच वापरली, ८ उरली. या ८ युनिटांचं काय करायचं? तीन वाटा आहेत.

पहिली वाट, महावितरणच्या लाइनीत सोडायची. नेट मीटर ८ युनिट जमा दाखवतो आणि रात्रीच्या वापरातून ती वळती होतात. ८ दिली, ८ मिळाली. ३१ मार्चला उरलेल्या युनिटांना मात्र विक्रीदरापेक्षा कमी भाव मिळतो, म्हणून गरजेपेक्षा मोठा संच बसवू नये.

दुसरी वाट, बॅटरीत भरायची. ८ भरली तर ७ च्या आसपास परत मिळतात. बॅटरीचा खर्च वेगळा, पण वीज गेली तरी पंखा चालू.

तिसरी वाट हायड्रोजनची. ८ युनिटांत सुमारे १४५ ग्रॅम हायड्रोजन होईल. इंधनघटातून त्याची वीज केली तर सव्वादोन-अडीच युनिट हाती येतील. म्हणजे आठातली साडेपाच-सहा युनिटं वाटेतच गेली. शिवाय पाणी फोडणारं यंत्र, गॅस दाबणारं यंत्र, टाकी आणि इंधनघट एवढा सरंजाम घ्यायचा. आणि हे सर्व पहिल्या वाटेवर फुकट मिळणाऱ्या गोष्टीसाठी!

स्वयंपाकाचं पाहू. १४.२ किलोच्या गॅस सिलिंडरमध्ये सुमारे १८० युनिटांइतकी उष्णता असते. शेगडीत त्यातली जेमतेम ११० युनिटं भांड्याला लागतात, बाकी स्वयंपाकघर तापवतात. तेवढाच स्वयंपाक इंडक्शन शेगडीवर केला तर सुमारे १३० युनिट वीज पुरते. हायड्रोजनच्या ज्योतीवर करायचा तर साडेपाच किलो गॅस लागेल, आणि तो तयार करायला ३०० युनिटांच्या आसपास वीज जाईल. एकाच पातेल्यातल्या डाळीसाठी १३० की ३००, हे आमच्या माताभगिनी आमच्यापेक्षा लवकर ठरवतील.

सुरक्षिततेचा मुद्दाही आहे. हायड्रोजनला वास नाही, आणि दिवसाउजेडी त्याची ज्योत जवळजवळ दिसत नाही. हवेत ४ टक्के झाला तरी तो पेट घेऊ शकतो आणि ७५ टक्क्यांपर्यंत पेटता राहतो. घरगुती गॅसला हा पट्टा सुमारे २ ते ९ टक्के एवढाच आहे. १ किलो हायड्रोजन साध्या दाबाला ११-१२ घनमीटर जागा व्यापतो, म्हणून तो शेकडो पट दाबून भरावा लागतो. इतक्या दाबाच्या टाक्यांना नागपूरच्या पेसो या केंद्रीय संघटनेचे नियम लागतात. उल्हासनगरच्या दाट वस्तीतल्या जिन्याखाली अशी टाकी ठेवण्याची कल्पनाही करवत नाही.

मग हे कुणी केलंच नाही का? केलं आहे. थायलंडमध्ये चिआंग माई इथं 'फी सुआ हाऊस' नावाच्या घरसमूहात २०१५ पासून सोलर आणि हायड्रोजनचा संच चालवून दाखवला गेला. पण तो ऐपतदाराचा प्रयोग. आपल्याकडे सुरतजवळ कवास इथं एनटीपीसीनं जानेवारी २०२३ पासून आपल्या वसाहतीच्या नळाच्या गॅसमध्ये हरित हायड्रोजन मिसळायला सुरुवात केली. प्रयोग चांगला आहे, त्यातून शिकायला मिळतं. पण नळाच्या गॅसमध्ये आकारमानानं ८ टक्के हायड्रोजन मिसळला, तरी उष्णतेत त्याचा वाटा अडीच टक्क्यांच्या आसपासच भरतो, कारण हा वायू फार विरळ आहे.

मग हायड्रोजनचं काम कुठं?

इथं विषय पुन्हा आपल्या बांधावर येतो. आपण उसाला जो युरिया टाकतो त्याचा कच्चा माल अमोनिया, आणि अमोनियाचा कच्चा माल हायड्रोजन. ४५ किलोच्या एका गोणीसाठी साडेपंचवीस किलो अमोनिया लागतो, आणि त्यात साडेचार किलो हायड्रोजन असतो. तो आज नैसर्गिक वायूपासून येतो, आणि देशाला लागणाऱ्या त्या वायूचा मोठा हिस्सा परदेशातून आणावा लागतो. आखातात किंवा युरोपात लढाई पेटली की आपल्या खताच्या गणितावर ताण येतो तो यामुळे.

या जागी हायड्रोजनला पर्याय नाही. युरियाच्या गोणीत वीज भरता येत नाही. तेलशुद्धीकरण, खत, पोलाद अशा ठिकाणी हायड्रोजन लागतोच, तेव्हा तो उन्हापासून काढला तर देशाचा फायदा. तीन गावांच्या जवळ पाहायचं तर ट्रॉम्बे-माहुलचे तेलशुद्धीकरण कारखाने आणि ट्रॉम्बेचा खतकारखाना ही त्याची खरी गिऱ्हाइकं. बदलापूरचं स्वयंपाकघर नव्हे.

आणि हे काही आकाशातून पडलेलं नवं ज्ञान नाही. पंजाबात नांगल इथं १९६१ मध्ये खतकारखाना सुरू झाला, तो भाक्रा धरणाच्या विजेवर पाणी फोडून हायड्रोजन काढायचा आणि त्यातून खत बनवायचा. 'हरित' हा शब्द तेव्हा कुणी वापरत नव्हतं इतकंच. इजिप्तमध्ये आस्वानला आणि पेरूमध्ये कुस्कोजवळ काचिमायो इथंही धरणाच्या विजेवर असेच कारखाने उभे राहिले. नांगलला पुढं काय झालं? शेतीपंप, गिरण्या, शहरं यांची विजेची मागणी वाढली. तीच वीज थेट दिली तर जास्त कामाची ठरू लागली, आणि १९७०च्या दशकाअखेर तिथं तेलापासून अमोनिया काढण्याची यंत्रणा आली. कृतीत दोष नव्हता, वीज स्वस्त आणि मुबलक राहिली नाही एवढंच. हरित हायड्रोजनचं आजचं भवितव्यही याच एका गोष्टीवर अवलंबून आहे.

केंद्र सरकारनं ४ जानेवारी २०२३ रोजी १९,७४४ कोटींचं राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन मंजूर केलं. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं लक्ष्य ठेवलं. महाराष्ट्रानंही २०२३ मध्ये आपलं धोरण जाहीर केलं. २०२५ मध्ये खतकारखान्यांसाठी हरित अमोनियाचे लिलाव झाले, त्यात पहिल्या लिलावात किलोला ५५ रुपये ७५ पैसे दर निघाला. या दरानं एका युरिया गोणीला लागणारा अमोनियाच १४०० रुपयांच्या वर जातो. आपण गोणीला २६६ रुपये ५० पैसे देतो. अर्थात साध्या युरियाचाही खरा खर्च याहून पुष्कळ जास्त असतो, तो फरक सरकार भरतं. पण हरित खताचा बोजा कुणी उचलायचा, हा प्रश्न उद्या आपल्यापर्यंत येणार आहे. शेतकरी संघटनांनी आणि कारखान्यांनी आत्तापासून त्यावर लक्ष ठेवावं.

एक गोष्ट आपल्या धंद्याच्या सोयीचीही आहे. युरियासाठी अमोनियाबरोबर कार्बन डायऑक्साइडही लागतो, आणि तो पाणी फोडून मिळत नाही. साखर कारखान्याच्या आसवनीत मळी किंवा रस आंबवताना एक किलो अल्कोहोलमागे जवळजवळ तेवढाच शुद्ध कार्बन डायऑक्साइड निघतो. उद्या त्याला गिऱ्हाईक मिळू शकतं. तोपर्यंत मळी, प्रेसमड आणि बगॅस यांपासून इथेनॉल, बायोगॅस आणि सहवीज हीच आपली हातातली हरित ऊर्जा आहे. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये.

पाणी पुरेल का?

हा प्रश्न सभासद हमखास विचारतात. १ किलो हायड्रोजनला प्रत्यक्षात ९ लिटर पाणी फुटतं. शुद्धीकरण आणि थंडावा धरून २० लिटर समजू. ५० लाख टनांना १० कोटी घनमीटर, म्हणजे १०० दशलक्ष घनमीटर होतात. उल्हासनगर आणि आसपासच्या शहरांना पाणी देणाऱ्या बारवी धरणाची साठवण सुमारे ३४० दशलक्ष घनमीटर आहे. म्हणजे साऱ्या देशाच्या लक्ष्याला बारवीच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी पाणी. प्रवाही पद्धतीनं सुरू उसाला हेक्टरी २० हजार घनमीटर पाणी जातं असं धरलं, तर हे ५ हजार हेक्टर उसाचं पाणी झालं. तेव्हा पाणी ही देशाच्या पातळीवर मोठी अडचण नाही. पण कारखाना ज्या तालुक्यात येईल तिथल्या विहिरींना ती अडचण होऊ शकते, म्हणून जागा पाहूनच परवानगी हवी. खरी अडचण विजेची आहे. ५० लाख टनांना साधारण २७,५०० कोटी युनिट लागतील. ती वीज घरं, पंप आणि गिरण्या भागवून उरली पाहिजे.

सभासदांनी काय करावं?

१. गावात स्वतःचं घर असेल तर वर्षाची वीजबिलं काढून बेरीज करावी. महिन्याला दीडशे युनिटांच्या पुढं वापर असेल तर सोलरचा जरूर विचार करावा. संच वापराच्या मापाचाच घ्यावा.

२. विहिरीवरच्या पंपासाठी 'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही योजना वेगळी आहे. तीत सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याचा ५ टक्के आहे. दोन योजनांची गल्लत करू नये.

३. उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरच्या ब्लॉकसाठी एकट्यानं पैसे देऊ नयेत. सोसायटीचा ठराव, गच्चीच्या मालकीचे कागद आणि इमारतीची तपासणी या तीन गोष्टी आधी, आगाऊ रक्कम नंतर.

४. अर्ज केंद्राच्या पोर्टलवरून आणि नोंदणीकृत पुरवठादाराकडूनच करावा. अनुदानासाठी देशात बनलेल्या सेलची पॅनेलं लागतात, तसं बिलावर लिहून घ्यावं. ३ किलोवॅटपर्यंत राष्ट्रीयीकृत बँका तारणाशिवाय कर्ज देतात, सावकाराकडे जाऊ नये.

५. हायड्रोजनची शेगडी, हायड्रोजनचा घरगुती संच किंवा त्याची एजन्सी यासाठी कुणी अनामत मागितली तर देऊ नये. ऊस बिलाचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि त्यावर घर, शिक्षण, लग्नकार्य सगळंच अवलंबून असतं.

६. हायड्रोजनची वाट पाहत सोलर लांबवू नये. हायड्रोजन आला तरी तो सोलरच्या विजेवरच निघणार आहे. जी वीज आहे तशी वापरता येते ती आधी तशीच वापरावी. तिचा गॅस करायचा तो जिथं विजेनं काम भागत नाही तिथंच.

आपल्या घराचा किंवा मुलाच्या सोसायटीचा हिशेब करून हवा असेल, तर बारा महिन्यांची बिलं आणि गच्चीची मापं घेऊन आपल्या गट ऑफिसात यावं. आमचे शेतकी मदतनीस पाटीवर मांडून दाखवतील. मातीचा नमुना आणता तसा हाही नमुनाच समजावा.

— ऊस विकास विभाग